भाकरीचं वजन आणि हैदराबादचे तक्ते: आहारतज्ज्ञांच्या कामाच्या वेबसाईट्सचा माझा रिव्ह्यू

मी कोल्हापुरात राजारामपुरीत डाएट कन्सल्टिंग करते, अकरा वर्षं झाली. दरवर्षी रिझल्ट लागले की नव्या पास झालेल्या मुलींचे मेसेज सुरू होतात, मॅडम प्रॅक्टिस सुरू करायचीय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, कुठली वेबसाईट बघू, आणि मी प्रत्येकीला तेच तेच व्हॉइस नोटवर सांगत बसते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी स्वतः जे रोज ओपीडीत उघडते तेवढ्याबद्दलच लिहिणार आहे, उगाच पन्नास नावांची यादी देणार नाही.

आधीच सांगते, यातलं जवळपास सगळं फुकट आहे. सबस्क्रिप्शनला पैसे घालायच्या आधी चार-पाचशे रुपयांचा किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या. का ते सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत मी एक पेड डाएट सॉफ्टवेअर घेतलं होतं, नाव लिहीत नाही, वर्षाची फी त्या वेळच्या माझ्या कमाईच्या मानाने बरीच होती. दिसायला एकदम छान, पेशंटच्या नावाने रंगीत पीडीएफ निघायची, वर आपला लोगो. एक ताई यायच्या माझ्याकडे, वय पंचेचाळीसच्या आसपास, शुगर बॉर्डरवर, वजन कमी करायचं होतं. तीन महिने झाले तरी काटा हलेना. मी दर वेळी रिकॉल घ्यायचे, म्हणजे काल दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारायचे, त्या दर वेळी तेच सांगायच्या, "मॅडम, सकाळी दोन आन् रात्री दोनच भाकऱ्या खातो ओ मी, खोटं कशाला बोलू." आणि खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की बाई काहीतरी लपवतायत. मग एक दिवस त्यांना म्हटलं घरी पीठ मळायच्या आधी एका भाकरीचं कोरडं पीठ मोजून मला फोटो पाठवा. फोटो आला, ८५ ग्रॅम! सॉफ्टवेअरमध्ये ज्वारीची एक भाकरी होती १२० कॅलरीची. ८५ ग्रॅम पिठाचे होतात २८४. म्हणजे दिवसाच्या चार भाकऱ्या मी ४८० धरत होते आणि त्या ताई खात होत्या अकराशेच्या वर, साडेसहाशे कॅलरीचा फरक नुसत्या भाकरीत. त्या पहिल्यापासून खरंच बोलत होत्या. कंपनीला विचारलं तर म्हणाले की बऱ्याच एंट्री युजर्सनी टाकलेल्या असतात. त्या दिवसापासून आकडा कुठून आलाय ते बघितल्याशिवाय मी तो चार्टमध्ये घेत नाही, आणि त्या ताईंची मी माफी मागितली ते वेगळं.

तर मग आकडा घ्यायचा कुठून, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडून, म्हणजे आपण ज्याला एनआयएन म्हणतो. त्यांचे इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स, आयएफसीटी २०१७, हे माझ्यासाठी एक नंबरचं साधन आहे आणि मी पाचपैकी पाच देते. ५२८ पदार्थ आहेत, देशाचे सहा भाग पाडून तिथून नमुने गोळा करून लॅबमध्ये तपासलेले, एकेका पदार्थाचे दीडशे घटकांपर्यंत आकडे आहेत, नुसतं प्रोटीन-फॅट नाही तर अमिनो अॅसिड, फॅटी अॅसिड, ऑक्झलेट, फायटेट सगळं. आमच्या कॉलेजच्या वेळी सगळ्यांच्या बॅगेत गोपालन सरांचे १९७१ चे जुने तक्ते असायचे, झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावरच आम्ही शिकलो, पण आता नवीन मुलींनी नवे तक्तेच वापरावेत. शेवटी भारतीय भाषांमधली नावं पण दिलीत, मराठी सुद्धा, त्यामुळे एखादी पालेभाजी इंग्रजीत काय म्हणतात म्हणून अडून बसायला होत नाही.

पण यात दोन खड्डे आहेत, दोन्हींत लोक पडतात. पहिला म्हणजे ऊर्जा कॅलरीत नाही, किलोज्यूलमध्ये दिलीय. माझ्याकडे इंटर्नशिपला आलेल्या एका मुलीने ज्वारीपुढचा १३९८ हा आकडा कॅलरी समजून उचलला आणि रडवेली होऊन आली, मॅडम शंभर ग्रॅम ज्वारीत चौदाशे कॅलरी कशा. ४.१८४ ने भागायचं, ३३४ येतात. तांदूळ १४९१ आहे, म्हणजे ३५६. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसरा खड्डा असा की हे तक्ते मुख्यतः कच्च्या मालाचे आहेत, शिजवलेल्या ताटाचे नाहीत, त्यावर पुढे येतेच. आणि एक छोटी गोष्ट, व्हिटॅमिन डी टू चे आकडे नाचणीसारख्या धान्यांपुढे इतके मोठे दिसतात की मी त्यांच्या भरवशावर पेशंटला काही सांगत नाही, डी साठी रक्ताचा रिपोर्टच बघते.

याच तक्त्यांनी मला कोल्हापूरकरांशी बोलायला शब्द दिले असं म्हणलं तरी चालेल. आपल्याकडे दोन गोष्टींवर कुणी बोट ठेवलेलं चालत नाही, गूळ आणि म्हशीचं दूध. गुळाचं म्हणाल तर "साखर बंद केली मॅडम, गूळच घालतो चहात, रक्त वाढतंय की त्यानं" हे मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते. तक्ता उघडून समोर ठेवते, १०० ग्रॅम गुळात ३५४ कॅलरी आणि लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, आता तुम्ही चहाला घालता १० ग्रॅम, म्हणजे लोह आलं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम आणि बाईमाणसाला दिवसाला लागतं २९. हा हिशोब कागदावर त्यांच्यासमोर केला ना की वाद होत नाही, लोक स्वतःच म्हणतात असं होय. आणि दूध, एक दादा होते, तरुणपणी तालमीत होते, आता दुकानात बसून काम, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं अर्धा लिटर दूध उभ्या उभ्या पिऊन मग घरी. तालीम सुटून वीस वर्षं झाली, दूध सुटलं नाही. म्हशीच्या दुधात १०० ग्रॅमला १०७ कॅलरी, गाईच्या ७३, तर अर्ध्या लिटरचे साडेपाचशेच्या आसपास झाले, बसून काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा चौथा हिस्सा एका ग्लासात. मी त्यांचं दूध बंद केलं नाही, कट्टा पण बंद केला नाही, एक छोटा ग्लास ठरवून दिला आणि तो ते पाळतात.

ही गरज किती ते बघायला एनआयएनचंच दुसरं डॉक्युमेंट, २०२० चं न्यूट्रियंट रिक्वायरमेंट्स. बसून काम करणारा पुरुष ६५ किलोचा धरलाय, २११० कॅलरी, बाई ५५ किलोची, १६६०, प्रोटीन किलोमागे ०.८३ ग्रॅम. यात ईएआर (गटाची सरासरी गरज) आणि आरडीए (जवळजवळ सगळ्यांना पुरेल इतकं प्रमाण) असे दोन वेगळे आकडे दिलेत, ते नीट वाचा, कारण गट तपासायचा असेल, म्हणजे होस्टेल किंवा अंगणवाडी, तर ईएआर लागतो आणि बऱ्याच जणी तिथे पण आरडीएच लावून अर्धं होस्टेल कुपोषित ठरवून मोकळ्या होतात. भाषा जड आहे, एका बैठकीत होत नाही.

त्यामानाने २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या डायटरी गाईडलाईन्स फॉर इंडियन्स वाचायला सोप्या आहेत, १७ मुद्दे आहेत, प्रत्येकामागे कारण दिलंय. जिमला जाणाऱ्या पोरांसाठी मला याचा फार उपयोग होतो, कारण त्यात नुसती बॉडी बनवायला प्रोटीन पावडर घेऊ नका असं स्पष्ट लिहिलंय आणि मी माझ्या मनाचं सांगत नाहीये हे दाखवता येतं.

आता शिजवलेल्या ताटाचं. इथे सगळ्यांचीच अडचण होते. २०२४ मध्ये इंडियन न्यूट्रिअंट डेटाबँक म्हणून एक फुकट डेटाबेस आलाय, हजाराच्या वर रेसिपींचे आकडे आहेत, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. पोहे, उपमा, डाळ, पराठे यांच्यासाठी मी तो बिनधास्त वापरते, चार देते पाचपैकी. एक कापला कारण ती सर्वसाधारण रेसिपी असते, आणि कोल्हापुरात तेल सर्वसाधारण पडत नाही. आपल्या मिसळीचा कट, तांबडा रस्सा, भडंग, याचं गणित आपणच मांडायला लागतं, दुसरं कुणी मांडून देणार नाही.

मी कसं केलं ते सांगते. रविवारी घरी सहा माणसांची मिसळ होती, आई तेल नेहमी डोळ्यांनी ओतते, मी म्हटलं आज फक्त पातेलं काट्यावर ठेवून ओत. आईला ते पटलं नव्हतं, तेल मोजून घालायला लागलो तर कट कसा येईल, पण ओतलं, १३० ग्रॅम निघालं. म्हणजे माणशी जवळजवळ १९५ कॅलरी नुसत्या तेलाच्या, अजून मटकी नाही, फरसाण नाही, पाव नाही. मग खोबरं, तीळ, कांदा, कांदा-लसूण चटणी सगळं एकेक करून मोजलं, कच्च्याचे आकडे आयएफसीटीतून घेतले, शेवटी शिजलेल्या कटाचं एकूण वजन घेतलं आणि एका पळीत किती ग्रॅम बसतो ते लिहिलं. आता पेशंट म्हणाला की दोन पळ्या कट, तर मला नेमकं सांगता येतं, आणि वरची तर्री बाजूला सारून खालचा घेतला तर किती वाचतात ते पण. अशा माझ्या एक्सेल शीटमध्ये आता चाळीसेक कोल्हापुरी पदार्थ झालेत. दोन वर्षं लागली. पण भाकरीचं म्हणाल तर शीटमधला आकडा पण मी डोळे झाकून घेत नाही, प्रत्येक घरची भाकरी वेगळी असते, पेठेतली वेगळी, गडहिंग्लजकडची वेगळी, प्रत्येक पेशंटला एकदा पीठ मोजायला लावतेच.

परदेशी वेबसाईट्समध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचं फूडडेटा सेंट्रल, २०१९ पासून आहे, फुकट, सर्च चांगला. आपल्या तक्त्यात नाहीत अशा गोष्टींसाठी छान, म्हणजे ज्यांची मुलं तिकडे आहेत ते लोक कसले कसले पुडे आणि बटरच्या बाटल्या घेऊन येतात, ते तिथे लगेच सापडतं. पण मैद्याला तिकडे लोह आणि फॉलिक अॅसिड वरून घातलेलं असतं, दुधात डी घातलेलं असतं, तो आकडा आपल्या मैद्याला लावला की सगळं चुकलं. अनएन्रिच्ड, म्हणजे वरून काही न घातलेलं, असं लिहिलेली एंट्री शोधायची. आणि त्यांचा कप म्हणजे आपली वाटी नव्हे, ग्रॅमनेच घ्या.

सप्लिमेंट्सच्या प्रश्नांना अमेरिकेच्याच एनआयएचच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या, ऑफिस ऑफ डायटरी सप्लिमेंट्सच्या फॅक्टशीट्स, या मला मनापासून आवडतात. एकाच विषयाची एक प्रोफेशनल लोकांसाठी आणि एक साध्या वाचकासाठी अशी दोन्ही असतात, कुठल्या औषधाबरोबर काय होतं ते पण दिलेलं असतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्या आणि पूर्ण शाकाहारी असणाऱ्या एका काकूंच्या तळपायाला मुंग्या यायच्या, मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं हे तिथे व्यवस्थित लिहिलंय, ते वाचून मी त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, तपासलं, खरंच कमी निघालं. फक्त त्यांचे रोजच्या गरजेचे आकडे अमेरिकन आहेत हे लक्षात ठेवा. लोहच बघा, बायकांना त्यांच्याकडे १८ मिलिग्रॅम आणि आपल्याकडे २९, कारण आपलं जेवण धान्यावर असतं आणि त्यातलं लोह अंगी कमी लागतं. याच लोकांचा लॅक्टमेड नावाचा डेटाबेस आहे, अंगावर पाजणाऱ्या आईला कुठलं औषध चालतं ते बघायला, बाळंतिणी येत असतील तर हाताशी ठेवाच, निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची साईट, सगळ्यांना माहीत असतं पण वापरत कुणी नाही असं मी बघितलंय. कॉलेजमध्ये प्रोजेक्टपुरतं उघडतात आणि मग बंद, आणि मग प्रॅक्टिसमध्ये व्हॉट्सअॅपवर आलेल्या व्हिडिओंना उत्तर द्यायला काही हाताशी नसतं. १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे. डावीकडे फिल्टर असतात, त्यात फ्री फुल टेक्स्ट आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासलेले) एवढ्या दोन खुणा केल्या तरी निम्मा कचरा गळून जातो. मागे एक आजोबा मेथीच्या पाण्याचा व्हिडिओ घेऊन आले, मेथी भिजवून प्या आणि गोळ्या सोडा असं त्यात सांगितलेलं, आणि त्यांनी गोळी दोन दिवस सोडली पण होती. मी त्यांच्यासमोरच शोधलं, मेथीवर अभ्यास झालेत, पण बरेचसे लहान, डोस प्रत्येकात वेगळा, आणि गोळ्या सोडा असं म्हणायला त्यात काही आधार नाही. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं पण मी वाचून मराठीत सांगतेय हे ते बघत होते, म्हणाले, "म्हणजे मेथी खायची, पण गोळी बी घ्यायची." बरोब्बर, एवढंच सांगायचं होतं मला.

लहान मुलांसाठी डब्ल्यूएचओचे ग्रोथ चार्ट आणि अँथ्रो हे सॉफ्टवेअर. पाच वर्षांपर्यंतचे हे चार्ट २००६ चे आहेत आणि सहा देशांतल्या मुलांवरून केलेत, त्यात भारत पण आहे, त्यामुळे हे गोऱ्या पोरांचे चार्ट आहेत असं कुणी म्हणालं तर तसं नाहीये. पाचच्या पुढे मी आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५ चे चार्ट वापरते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आज्यांची तक्रार एकच, नातू किडकिडीत आहे, काही अंगाला लागत नाही. चार्टवर ठिपका लावून दाखवला की बाळ आपल्या रेषेवर व्यवस्थित चाललंय, तर आजीचा जीव भांड्यात पडतो आणि त्या सुनेला जबरदस्तीने भरवायला लावायच्या थांबतात. सुनेच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना तेव्हा, त्यासाठी तरी हे शिका.

मराठीत काही आहे का असं सगळ्या विचारतात. आयआयटी मुंबईचं हेल्थ स्पोकन ट्युटोरियल आहे, मराठीत व्हिडिओ आहेत, बाळाला छातीशी कसं धरायचं, सहा महिन्यांनंतर काय भरवायचं. भाषा जराशी पुस्तकी वाटते आणि व्हिडिओ सावकाश चालतो, पण एकेक पायरी दाखवलीय, आणि मी लिंक पाठवलेल्या कितीतरी मुलींनी मला फोन करून सांगितलंय की मॅडम तसं धरल्यावर दुखायचं थांबलं. याच्याइतकं उपयोगी मराठीत मला दुसरं मिळालेलं नाही, आणि मिळायला पाहिजे. आपण सगळ्याजणी चार्ट इंग्रजीत बनवतो आणि पेशंट तो फ्रीजवर चिकटवून ठेवतो, वाचत नाही.

पैसे देऊन घेतलेलं एकच अॅप मी आजही ठेवलंय, ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश युनिव्हर्सिटीचं फॉडमॅपचं, म्हणजे काहींना नीट न पचता पोटात गॅस धरणाऱ्या साखरेसारख्या घटकांचं. आयबीएसचे, म्हणजे सतत पोट बिघडायचा त्रास असलेले, पेशंट असतील तरच घ्या, नाहीतर गरज नाही. पदार्थापुढे सिग्नलसारखे लाल-पिवळे-हिरवे दिवे असतात. आपल्याकडे कांदा आणि लसूण दोन्ही लाल, म्हणजे कोल्हापुरी चटणीच गेली, पेशंट तिथेच उठून जायला निघतो. पण त्यातच कामाची गोष्ट कळते, लसणातला तो त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. म्हणून मी सांगते की तेलात अख्ख्या पाकळ्या परता, वास उतरला की काढून टाका आणि मग त्याच तेलात फोडणी करा, लसूण आधी पाण्यात किंवा रश्श्यात टाकायचा नाही. एका पेशंटला कितीतरी दिवसांनी चव लागलेली आमटी खाता आली, डोळे भरून आले त्यांचे.

ग्लायसेमिक इंडेक्ससाठी, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्या आकड्यासाठी, सिडनी युनिव्हर्सिटीची साईट आहे, ठीक आहे, तीन देईन. सुट्या पदार्थाचा आकडा मिळतो, पण भाकरीबरोबर पिठलं आणि वर शेंगदाण्याची चटणी खाल्ली तर काय, हे ती सांगत नाही आणि आपण तर तसंच जेवतो.

शिकणाऱ्या मुलींसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची ईज्ञानकोश ही साईट, डाएटेटिक्सच्या एमएस्सीचं पूर्ण साहित्य पीडीएफमध्ये फुकट आहे, महागडे ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्स घ्यायच्या आधी ते वाचा. आणि कुठे महिला मंडळात किंवा शाळेत बोलायला बोलावलं तर एनएफएचएस-५ च्या, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या, फॅक्टशीट बघून जा, जिल्हावार आहेत, आपल्या कोल्हापूरची पण वेगळी आहे. २०१९ ते २१ च्या त्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के निघाला. हॉलमध्ये बसलेल्या बायकांना म्हणायचं की तुमच्या उजव्या-डाव्या हाताच्या दोघींकडे बघा, मग सगळ्या सरसावून बसतात आणि ऐकतात.

माझी ती एक्सेल शीट कुणाला हवी असेल तर मागा, देते, पण त्यातले आकडे आमच्या घरच्या पळीचे आहेत, तुम्ही तुमची पळी मोजून घ्या. पांढरा रस्सा अजून राहिलाय त्यात. नारळाचं दूध प्रत्येक वेळी वेगळं दाट निघतं, दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा आकडा लांब लांब आला. या रविवारी परत करणार आहे, खवलेला नारळ, काजू, खसखस, तीळ सगळं आधी मोजून वाट्यांत काढून ठेवायचं आणि पिळून उरलेला चोथा पण काट्यावर ठेवायचा, आईला सांगून ठेवलंय की मी आल्याशिवाय वाटण लावायचं नाही.